दहावीच्या मुलांचं घड्याळ

माझ्या नवऱ्याचं घड्याळ माझ्या हातात कसं आलं, ते आधी सांगायला हवं. पुढचं सगळं त्यातूनच आलं.

तो गेला तेव्हा मी बांगड्या स्वतःच काढून ठेवल्या. कुणी सांगितलं नव्हतं. कुणावर सांगायची वेळ येऊ नये म्हणून काढल्या. आमच्याकडे आता या गोष्टी कुणी मोठ्यानं बोलत नाही. बायका कॉलेजात शिकवतात, बँकेत जातात, कुणी कुणाचं कुंकू पुसायला येत नाही. तरी तेराव्याला जमलेल्या बायका बोलता बोलता समोरच्या बाईच्या मनगटाकडे एकदा बघून घेतात आणि मग चहाच्या कपात बघतात. ते बघणं मला ठाऊक होतं. मीही कुणाकुणाच्या घरी तसं बघितलं असणार.

कांदिवलीच्या आमच्या घरात त्या दिवशी फर्निचर भिंतीला सरकवून सतरंज्या अंथरल्या होत्या. मी कोपऱ्यात बसले होते, हात पदराखाली. सासूबाई आतल्या खोलीत होत्या. त्या उठून बाहेर आल्या, बायकांच्या मधून वाट काढत माझ्यापर्यंत आल्या आणि समोरच्या स्टुलावर बसल्या. त्यांच्या हातात त्याचं घड्याळ होतं. हॉस्पिटलनं चष्म्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलेलं. त्यांनी माझा डावा हात पदराखालून ओढून घेतला, घड्याळ चढवलं आणि पट्ट्याची कडी दाबून बंद केली.

"हात मोकळा नको," त्या म्हणाल्या. हे त्या माझ्याकडे बघून बोलल्या नाहीत. बायकांकडे बघून बोलल्या.

मला रडू आलं, आणि तेवढ्या दिवसांतलं ते पहिलंच असं रडू होतं की ज्यानं जरा बरं वाटलं. ऐंशी ओलांडलेली बाई, पोटचा मुलगा गेलेला, आणि तिला सुचलं काय, तर सुनेचं मनगट झाकणं. माझ्याशी कुणी केलेला इतका मोठा चांगुलपणा मला दुसरा आठवत नाही. आजही मी तो तसाच मानते. म्हणूनच पुढचं सगळं अवघड झालं. कुणी दुष्टपणानं बांधलं असतं तर निदान ओरडता आलं असतं.

घड्याळ भारी होतं, दोन्ही अर्थांनी. स्टीलचा रुंद पट्टा, निळी तबकडी, बशीएवढा वाटणारा घेर. त्याच्या रुंद मनगटावर ते शोभायचं. माझ्या हातात ते कोपरापर्यंत घसरायचं आणि हात खाली केला की तळव्याच्या हाडावर येऊन आदळायचं. फळ्यावर लिहिताना मी घड्याळाचा हात पाठीमागे धरून ठेवायला शिकले. पट्ट्याच्या दोन कड्या काढून घेऊ का, असं मी सासूबाईंना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "नको गं. त्याच्या मापाचं आहे ते." माझ्या मापाचा प्रश्न तिथंच संपला.

त्यातही ते ऑटोमॅटिक होतं. म्हणजे आत बॅटरी नाही. एक अर्धगोल वजन असतं, घालणाऱ्याचा हात हलला की ते फिरतं, स्प्रिंगला पीळ बसतो आणि घड्याळ चालतं. माझा नवरा विक्री खात्यात होता आणि हातांनी बोलायचा. फोनवर बोलतानासुद्धा, समोर कुणी नसताना, एका हातानं हवेत आकडे मांडायचा. त्याच्या हातात ते घड्याळ वर्षानुवर्षं एकदाही थांबलं नव्हतं. मी इतिहास शिकवते आणि घरी आले की वाचत बसते. वाचताना माझ्या डाव्या हातात पुस्तक असतं आणि तो हात हलत नाही. संध्याकाळी वाचायला बसले आणि मग झोपले, की सकाळपर्यंत घड्याळ बंद.

सकाळी सासूबाई चहा घेऊन माझ्याजवळ यायच्या. बशी टेबलावर ठेवायच्या आणि माझा हात उचलून डोळ्यांजवळ न्यायच्या. सेकंदाचा काटा फिरत असला की हात सोडून द्यायच्या. थांबलेला असला की म्हणायच्या, "थांबलंय गं." आणि मग घड्याळासकट माझा हातच धरून हलवायच्या, बाळासमोर खुळखुळा हलवतात तसा. मी हलवू द्यायचे. दुसऱ्या हातानं चहा प्यायचे. वेळ नंतर फोनवर बघून लावायचे. काटा पुन्हा चालू लागला की त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं, ते बघून घड्याळाबद्दल काही बोलणं मला शक्य नव्हतं.

त्यांनी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजारणींना, दूधवाल्याला, बोरिवलीला राहणाऱ्या माझ्या नणंदेला. नणंद एका रविवारी आली तेव्हा तिनं माझ्या मनगटाचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, दादाचं घड्याळ वहिनी चालवते. त्याखाली हात जोडल्याची कितीतरी चिन्हं आली. नागपूरच्या एका आतेसासूबाईंनी लिहिलं की अशी सून सगळ्यांना मिळो. मी फोन उलटा करून ठेवला. आता काढायचं म्हटलं तर एका हातातून काढून भागणार नव्हतं, पन्नास जणांच्या फोनमधून काढावं लागणार होतं.

माणूस गेल्यावर त्याच्या वस्तू आपण सांभाळतो, असं म्हणतात. मला मात्र दिवसभर वाटायचं की ती वस्तू मला सांभाळते आहे. मी कुठे जाते, हात किती हलवते, किती वेळ बसते, सगळ्याची तिच्याकडे नोंद आहे. सारखी आठवण येत होती म्हणून मला ते नको होतं, असं नाही. आठवण यायला मला घड्याळ लागत नव्हतं. मला फक्त वेळ बघायची होती, आणि वेळ बघताना दर वेळी आधी तोच दिसत होता.

परीक्षा आल्या तेव्हा ते माझ्यापुरतं राहिलं नाही. विलेपार्ल्याच्या आमच्या कॉलेजात सुपरव्हिजनला जाताना फोन खाली जमा करावे लागतात, मुलांचेही आणि आमचेही. त्या दिवशी मला मिळालेल्या वर्गाच्या भिंतीवरचं घड्याळ रंगकामासाठी काढलेलं होतं आणि खिळा तेवढा राहिला होता. तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं मान वर करून विचारलं, "मॅम, किती वेळ राहिला?" मी हात वर केला, घड्याळ घसरून जागेवर येईपर्यंत थांबले आणि सांगितलं, अजून तासाहून जास्त आहे, निवांत लिही. ती निवांत लिहायला लागली. थोड्या वेळानं शेवटच्या दहा मिनिटांची घंटा झाली.

ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. वर्गातल्या मोठ्या माणसाचं घड्याळ चुकू शकतं, हे तिच्या डोक्यात बसतच नव्हतं. मग तिनं खाली वाकून भराभर लिहायला सुरुवात केली. मागून एक मुलगा शेजाऱ्याला म्हणाला, "वाट लागली," आणि मी त्याला गप्प बस म्हणू शकले नाही. काटे एका जागी उभे होते आणि ती जागा इतकी शक्य वाटणारी होती की मला संशयही आला नव्हता. मी खाली जाऊन परीक्षाप्रमुखांना सगळं सांगितलं. त्यांनी वर्गाला थोडा जास्त वेळ दिला, आणि जाताजाता मला म्हणाले, "मॅडम, दागिना म्हणून घालू नका ना. वेळ बघायला घाला." ते कुणाचं घड्याळ आहे हे त्यांना माहीत नव्हतं. माहीत असतं तर ते बोलले नसते, आणि मीही त्या दिवशी काही ठरवलं नसतं.

मी ठरवलं की मला माझं स्वतःचं एक घड्याळ हवं. रोजचं, साधं, टिकाऊ, खिशाला झेपणारं. हे ठरवताना असं वाटलं, जसं काही मी घर सोडायचं ठरवत होते.

मला काहीही घ्यायचं असलं की आधी वाचावं लागतं. नवरा यावरून चिडवायचा, ही कोथिंबीर घेण्याआधी संदर्भग्रंथ काढते म्हणायचा. पुढचे काही दिवस मी सुट्टीच्या तासाला घड्याळांबद्दल वाचत होते. तीस मीटर पाण्यात चालेल असं तबकडीवर लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ फक्त हात धुतले तर चालेल एवढाच असतो, हे कळलं. चामड्याचा पट्टा मुंबईच्या घामात एका वर्षात कुजतो आणि वास मारतो. नीलमणी म्हणतात ती काच चरे पडू देत नाही, पण महाग असते. साध्या खनिज काचेवर चरे पडतात, पण रोजच्या वापराला ती पुरते. बॅटरी दोन-तीन वर्षं चालते आणि ती कुठल्याही स्टेशनाबाहेर बदलून मिळते. शिक्षिकेच्या घड्याळाला सेकंदाचा काटा हवा, आणि बाराही आकडे लिहिलेले हवेत, नुसत्या रेघा नकोत, कारण घाईत रेघा फसवतात. वजन कळू नये इतकं हलकं हवं. चमकू नये. आणखी एक अट होती, ती मी कुठं वाचली नव्हती. कुणाला त्याबद्दल काही बोलावंसं वाटू नये, असं ते हवं होतं.

स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर अर्थशास्त्राची शिक्षिका बसते. घाटकोपरला वाढलेली, वडील मूळचे अकोल्याकडचे, बोलायला फटकळ. कॉलेजात मला तू म्हणणारी ती एकटीच. मी फोनवर काय बघते आहे हे तिनं वाकून बघितलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"सांगून टाक ना घरी. यात एवढं काय?"

मी म्हटलं, तुला नाही कळायचं, तुमच्यात बांगड्यांचं हे सगळं नाही.

"आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा एका दिवसात देव सोडले, व्रतं सोडली," ती म्हणाली. "सासू मात्र तीन पिढ्यांत कुणाला सोडता आलेली नाही. मला नको शिकवूस."

आम्ही दोघी हसलो. नवरा गेल्यावर कॉलेजात मोठ्यानं हसण्याची ती माझी पहिली वेळ असावी, कारण पलीकडच्या टेबलावरच्यांनी वळून बघितलं. मी हसू आवरलं आणि घड्याळाचा हात टेबलाखाली घेतला. मैत्रिणीनं ते बघितलं. जाताना म्हणाली, "आंघोळीला काढावं लागणार नाही असं घे. काढ-घाल आली की विचार येतात."

कॉलेजपासून स्टेशनकडे चालत जाताना घड्याळांचं एक दुकान लागतं. मी तिथं गेले. दुकानदार साठीचा, बोलका, माझ्या मनगटावरच्या निळ्या तबकडीकडे बघून खूश झालेला. त्यानं आधी सोनेरी पाण्याची, शेंगदाण्याएवढ्या तबकडीची घड्याळं काढली. म्हणाला, लेडीजमध्ये हे खूप चालतं. मी म्हटलं, यात वेळ दिसत नाही. तो म्हणाला, मॅडम, वेळ मोबाइलमध्ये दिसते ना. मग मी त्याला पाण्याचं विचारलं, तीस मीटर की पन्नास, आणि काच कुठली, आणि पट्टा बदलायचा झाला तर मापाचा मिळेल का. त्यानं सोनेरी घड्याळं परत आत ठेवली.

"मॅडम, तुम्हाला पोहायचंय का यात?"

"नाही."

"मग?"

त्यानं काउंटरच्या खालच्या कप्प्यातून एक काळ्या रबरी पट्ट्याचं घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवलं. पांढरी तबकडी, ठळक बारा आकडे, लाल सेकंद काटा. हातात घेतलं तर वजनच नाही. म्हणाला, हे बघा, पण हे तुम्हाला आवडणार नाही, हे दहावीची मुलं बोर्डाच्या परीक्षेला घेऊन जातात. आईबाप घेतात, पडलं-आपटलं तरी चालतं, आणि परीक्षा संपली की मुलं टाकून देतात.

मला ते फार आवडलं. इतकी वर्षं मुलांच्या मनगटांवर मी ते बघत आले होते आणि कधी नीट बघितलं नव्हतं. त्यात आठवण ठेवण्यासारखं काही नव्हतं. मी ते घेतलं. हातात घालून देऊ का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं नको, डब्यातच द्या. हातात जागा नव्हती.

घरी काय बोलायचं ते मी चालताना ठरवलं होतं. परीक्षेचं निमित्त सांगायचं. कॉलेजात हे घालीन, घरी ते घालीन, असं म्हणायचं. दाराशी आल्यावर ते सगळं पोकळ वाटायला लागलं. आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू आली की आधी देवापुढे जाते. मिक्सर असो, चप्पल असो, तिला हळदकुंकू लागतं, आणि पहिला मान घरातल्या मोठ्या माणसाचा. मोठं माणूस हात लावतं, मग आपण वापरायची. मी सवयीनं डबा देवापुढे ठेवला. जेवण झाल्यावर बोलू म्हटलं आणि हातपाय धुवायला गेले.

बाहेर आले तेव्हा डबा उघडा होता. सासूबाई देवापुढच्या पाटावर बसल्या होत्या. घड्याळाच्या काचेला कुंकवाचं बोट लागलं होतं आणि घड्याळ त्यांच्या मनगटावर होतं. पट्टा त्यांना नीट बसला होता, शेवटच्या भोकात.

"किती विचार करतेस गं माझा," त्या म्हणाल्या.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही, असं त्या कधीपासून म्हणत होत्या. ते मी विसरले होते. त्यांच्या दृष्टीनं सगळं सरळ होतं. आकडे मोठे आहेत, हलकं आहे, म्हणजे सुनेनं आपल्यासाठी आणलं. सुनेला दुसरं कशाला लागेल. "तुला आहेच की," असंही त्या म्हणाल्या, माझ्या हाताकडे बघून.

मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्या स्वतःच्या मनगटावर बोट फिरवत बोलायला लागल्या. सासरे गेले तेव्हा माझा नवरा शाळेत होता, मी या घराच्या आसपासही नव्हते. त्यांच्या बांगड्या त्यांच्या थोरल्या जाऊबाईंनी काढल्या होत्या. जाऊबाई रडत होत्या आणि काढत होत्या, दोन्ही एकाच वेळी. त्यानंतर सासूबाईंनी हातात काहीच घातलं नव्हतं. सोन्याची बांगडी लेकीनं करून आणली ती तशीच डब्यात राहिली. "घालावंसं वाटलंच नाही. हे कसं, बांगडी पण नाही आणि हात मोकळा पण नाही," त्या म्हणाल्या आणि घड्याळ बघून किती वाजले ते मला सांगितलं.

मी माझं तोंड मिटलं. त्या रात्री वरण गरम करताना मला वाटलं, आता या घरात दोन घड्याळं आहेत, दोन्ही मीच सोसते आहे, आणि वेळ मला कुणीतरी दुसरंच सांगतं आहे.

पुढचे दिवस तसेच गेले. सासूबाई घड्याळावर खूश होत्या. कामवाल्या बाईला, कुकरच्या शिट्टीला, टीव्हीवरच्या मालिकेला, सगळ्यांना त्या वेळेवरून बोलायला लागल्या. सकाळी माझा हात उचलायच्या, निळं घड्याळ बंद असलं की काळ्यात बघून त्याचे काटे लावायच्या आणि मग माझा हात हलवायच्या. माझ्याच घड्याळावरून माझ्या हातातलं त्याचं घड्याळ. मी मैत्रिणीला सांगितलं तेव्हा तिनं डोक्याला हात लावला. म्हणाली, "दुसरं घे. आणि या वेळी डबा घरी नेऊ नकोस."

परीक्षांचा पुढचा फेरा जवळ आला होता. तिसऱ्या बाकावरची ती मुलगी कॉरिडॉरमध्ये दिसली की आधी माझ्या मनगटाकडे बघायची, असं मला वाटायचं. कदाचित ती बघत नसेलही. मी पुन्हा त्या दुकानात गेले. दुकानदारानं ओळखलं. "मुलगा घड्याळ हरवून आला ना?" म्हणाला. मी हो म्हटलं, कारण ते सोपं होतं. तेच घड्याळ दुसऱ्यांदा घेतलं. या वेळी काउंटरवर निळं काढलं. कडी उघडताना थोडी अडली. मनगटावर पट्ट्याचा ठसा होता आणि हाडाजवळ कातडी काळवंडली होती. नवं तिथंच घातलं. निळं रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं आणि घरी येईपर्यंत पर्स छातीशी धरून ठेवली.

सासूबाई जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत बसल्या होत्या. मी पर्स खाली ठेवायच्या आधीच त्यांनी बघितलं.

"ते कुठंय?"

"पर्समध्ये आहे."

"बिघडलं?"

"नाही. मीच काढलं."

त्या मेथी निवडत राहिल्या. पानं एकीकडे, देठ एकीकडे. मी उभीच होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "जड होत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही घातलं होतंत."

"मी घातलं ते त्या बायकांसाठी. चार दिवसांत तू काढशील, असंच वाटलं होतं मला." त्यांनी एक जुडी सोडवली. "नाही काढलंस. मग मला वाटलं, ही राहील."

राहील म्हणजे काय, मी विचारलं.

"राहील म्हणजे इथं. लेक दर रविवारी फोनवर म्हणते, आई, तुला बोरिवलीला नेते. म्हणते आणि फोन ठेवते. घर त्याचं, तो गेला. तू अजून कमावतेस, तुझ्या भावाकडे जाशील, कुठंही जाशील. तुला कोण अडवणार? म्हणून सकाळी उठले की आधी तुझा हात बघायचे. त्याचं हातात आहे, म्हणजे आज आहे."

इतके महिने मला वाटत होतं की त्या घड्याळात मुलाला शोधतात. त्या मला मोजत होत्या. मला राग यायला हवा होता आणि तो आलाही, पण तो कुठं ठेवायचा ते कळेना. समोर मेथीची जुडी होती आणि एक म्हातारी बाई, जिच्या हातात परीक्षेचं घड्याळ होतं.

"मी कुठे जाणार आहे, आई?" मी म्हटलं.

मला धीर द्यायचा होता. ते तसं बाहेर पडलं नाही. ते शब्द माझे मलाच ऐकू आले, कोंडलेल्या माणसाचे. त्यांनाही तसेच ऐकू गेले असणार, कारण त्यांनी मेथीतून मान वर केली.

"हो," त्या म्हणाल्या. "ते पण आहेच." मग त्यांनी अर्धी मेथी माझ्याकडे सरकवली.

मी बसून निवडू लागले. निळं घड्याळ त्यांनी रुमालासकट मागून घेतलं आणि आत जाऊन आपल्या कपाटात ठेवलं. ते बंदच असणार. त्याबद्दल त्या पुन्हा बोललेल्या नाहीत, आणि सकाळी चहा ठेवला की माझा हात उचलत नाहीत. पहिले काही दिवस मला चहा घेताना उगाचच डावा हात पुढं करावासा वाटायचा.

घड्याळ चांगलं निघालं. भांडी घासताना, कपडे भिजवताना हातातच असतं. काचेवर एक चरा पडलाय, दिसत नाही फारसा. ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. कुणाच्या लक्षातच आलं नाही.

फक्त एक झालं. आमची दोघींची घड्याळं सारखी आहेत आणि दोन्ही अगदी बरोबर चालतात. आधी उशीर झाला की मी म्हणायचे, घड्याळ थांबलं होतं, आणि ते खरंही असायचं. पुष्कळदा मी आमच्याच इमारतीखाली असायचे. मागे बाग म्हणून राखलेला एक तुकडा आहे, दोन बाक आणि एक बकुळ. शेजारच्या पाडकामाची धूळ तिथं कायम असते, म्हणून कुणी बसत नाही. घरात शिरण्याआधी तिथं बसून मी थोडं वाचायचे, किंवा वाचायचेही नाही. दिवसातला तेवढाच वेळ असा होता की मी कुणाची कुणी नव्हते.

परवा तशीच बसले. वर आले तेव्हा सासूबाईंनी दार उघडलं. त्या गॅलरीत उभ्या असणार, मला फाटकातून आत येताना त्यांनी बघितलं असणार. त्यांनी मनगट वर केलं, वेळ बघितली, मग माझ्या मनगटाकडे बघितलं. तिथंही तेवढेच वाजले होते.

"केव्हाची आलीस खाली. कुठं होतीस?"

सांगण्यासारखं कारण नव्हतं. "बागेत बसले होते," मी म्हटलं.

"कशाला?"

"उगाच."

त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. स्वयंपाकघराकडे वळता वळता थांबल्या. गुडघ्यांमुळे त्या कित्येक दिवसांत खाली उतरल्या नव्हत्या.

"उद्या मलाही ने," त्या म्हणाल्या. "मी बोलणार नाही. मी पण उगाच बसेन."

मी दार लावलं, कडी घातली आणि हो म्हटलं.